दर्या कुठे आहे?

उल्हास नदीबद्दल मला कोणी शिकवू नये. माझी शाळा तिसरीत सुटली. मास्तर म्हणायचे मी पळालो, मी म्हणतो मला मास्तरांचा कंटाळा आला. पण नदीचं म्हणाल तर तिचा एकेक दगड मला ठाऊक होता. कुठल्या दगडावर कपडे आपटायचे, कुठल्यावर पाय घसरतो, म्हैस कुठे उतरेल आणि कुठे पाठ फिरवेल, हे विचारायला मोठी माणसं माझ्याकडे यायची.

आमचं घर बदलापुरात, हेंद्रेपाड्याच्या पुढे नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर. खंडाळ्याच्या डोंगरातून निघालेलं पाणी कर्जत, नेरळ, वांगणी करत आमच्या दारात यायचं. दारात म्हणजे खरंच दारात. मोठा पूर आला की सकाळी ओट्याच्या खालच्या पायरीवर काटक्या, शेवाळ आणि एखादी चिंबोरी ठेवून नदी परत गेलेली असायची. उन्हाळ्यात पात्र आटलं की आम्ही वाळूत हातभर झिरा खणायचो. दहा मिनिटांत तो भरायचा आणि ते पाणी इतकं निवळ असायचं की तळाची वाळू मोजावी. नवी सून गावात आली की तिला आधी नदी दाखवायची, मग चूल. कोणाला हे अडाणीपण वाटेल. वाटो. ज्या पाण्यावर पुढची साठ वर्षं काढायची, त्याची ओळख आधी करून दिली तर चुकलं कुठे?

देशाची फाळणी झाली त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यातली ही गोष्ट. अंबरनाथच्या पलीकडे, कल्याणच्या अलीकडे, लष्कराच्या रिकाम्या बराकी होत्या. तिथे सिंधमधून आलेली माणसं आणून ठेवली होती. पुढे त्या छावणीचं शहर झालं आणि शहराला आमच्या नदीचं नाव मिळालं. आता उल्हासनगर म्हणताना कोणाला नदी आठवत नाही, मला आठवते. तेव्हा आम्ही नुसतं कॅम्प म्हणायचो. मी एकोणीस-वीस वर्षांचा होतो. आठवड्यातून तीनदा बैलगाडीत शिराळी, काकड्या, पडवळ, अळू भरून मी कॅम्पात विकायला न्यायचो.

त्या लोकांची भाषा मला येते अशी माझी समजूत होती. समजूत कसली, गावभर मी तसं सांगत सुटलो होतो. सुरुवातीला एका बाईने ‘भीं’ मागितलं तेव्हा मी तिच्या पदरात भेंडी घातली होती. ती हसत सुटली. तिला कमळाचे देठ हवे होते, ते लोक त्याची भाजी करतात. पुढच्या खेपेला मी गावच्या तळ्यातून कमळाचे देठ उपटून नेले आणि बराकीबराकीत माझं नाव झालं. त्यातून मला वाटू लागलं, ही भाषा काय अवघड नाही. ते ‘आहे’ म्हणतात, आपण ‘आहे’ म्हणतो. एवढी दूरची माणसं, आणि त्यांचं ‘आहे’ आपल्यासारखंच! मग राहिलं काय?

माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत एक कुटुंब होतं. म्हातारा सासरा, मुलगा, सून. मुलगा दिवसभर कामाच्या शोधात बाहेर. सून बोलायला तिखट, पण भाजी घेताना एक काकडी जास्त मागणार नाही अशी. सासरा उंच, हाडकुळा, पांढरी दाढी छातीवर आलेली. एकदा मी गाडी सोडून बैलांना चारा टाकत होतो, तर तो काठी टेकत आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला,

“पुट, दर्याह किथे आहे?”

पुट म्हणजे मुलगा. किथे म्हणजे कुठे. आणि दर्या म्हणजे दर्या. ते न कळायला मी काय बैल होतो? मी छाती काढून सांगितलं, “बाबा, स्टेशनवर जा. मुंबईच्या गाडीत बसा. शेवटचं स्टेशन आलं की उतरा आणि पश्चिमेला चालत सुटा. पाणी दिसेपर्यंत थांबू नका. केवढा मोठा दर्या आहे!” तो खूश झाला. माझ्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी आशीर्वाद पुटपुटला. मी घरी येऊन आयला सांगितलं, आज मी एका म्हाताऱ्याला वाट दाखवली, पुण्य लागलं.

दुसऱ्या दिवशी माझा कॅम्पाचा वार नव्हता, पण काकड्या फार झाल्या होत्या म्हणून गेलो. बराकीसमोर गाडी उभी करतो न करतो तोच सून कमरेवर हात ठेवून बाहेर आली.

“आ गया! आया पंडित! बाबा को किधर भेजा तूने?”

“दर्यावर.”

“दर्या पे? समुंदर पे भेजा, समुंदर पे! अरे, वो खारो पानी! बाबा ने मुंह में लिया और थूक दिया. पूरा दिन भूखे आदमी को घुमाया.”

“मग दर्या म्हणजे काय?” मी म्हणालो. मला अजून वाटत होतं की चूक तिचीच आहे.

“दर्या माने दर्या! जो बहता है. मीठा. हमारा सिंधू.”

मी मटकन गाडीच्या दांडीवर बसलो. त्यांच्याकडे दर्या म्हणजे नदी. आणि मी नदीकाठी जन्मलेला माणूस, नदी विचारणाऱ्याला समुद्रावर पाठवून आलो होतो.

मग तिने सगळं सांगितलं. म्हाताऱ्याचं गाव सिंधूच्या काठावर होतं. गाव सोडताना घाई झाली, नदीचा निरोप घ्यायचा राहून गेला. ते त्याच्या मनाला लागलं. त्याने बोलून ठेवलं होतं की जिथे टेकू तिथली नदी शोधीन, तिच्यासाठी चाळीस दिवस व्रत धरीन आणि शेवटच्या दिवशी दिवा तिच्या पाण्यात स्वतःच्या हाताने सोडीन. पाण्याच्या देवाचं हे व्रत, त्याला ते चालीहो म्हणतात. एकोणचाळीस दिवस त्याने दूध आणि फळांवर काढले होते. आजचा चाळिसावा. बाकीची मंडळी कॅम्पातल्या विहिरीवर दिवा देणार होती. म्हातारा विहिरीला तयार नव्हता. म्हणे, थांबलेल्या पाण्याला कुठे जायचंच नसतं, ते माझा दिवा कुठे नेणार? आणि वाहत्या गोड्या पाण्यात दिवा गेल्याशिवाय तो अन्नाला शिवणार नव्हता, मग आणखी कितीही दिवस जावोत.

“सुबह गिर गए थे, दरवाजे में,” ती म्हणाली आणि आवाज खाली आला. “ये आदमी मर जाएगा, भाऊ.”

मी आत डोकावलो. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. माझ्यावर रागावलेला दिसला नाही, उलट हसला. त्या हसण्याने माझी मान आणखी खाली गेली. मी सगळ्या काकड्या तिथेच उतरवल्या, गाडीत गवत पसरलं आणि म्हणालो, “उठा बाबा. माझ्या घराच्या मागे दर्या आहे.”

सुनेने माझ्याकडे बघितलं. “इस बार पक्का?”

“मीठा,” मी म्हणालो. “बहता है.”

मुलगा कामावर गेलेला, त्याची वाट बघायला वेळ नव्हता. शेजारणीकडे निरोप ठेवून ती निघाली. तिने एक मातीचं मडकं घेतलं, पितळी ताट, नारळ, कणकेचा दिवा, तांदूळ-साखर आणि फडक्यात बांधलेला गोड भात. म्हाताऱ्याला मी गवतावर निजवला. पावसाची बारीक बुरबुर होती. मी गोणपाटाची खोळ त्याच्यावर धरायला सुनेला दिली.

अंबरनाथच्या अलीकडे वालधुनी लागली. शंकराच्या जुन्या दगडी देवळाच्या अंगणातून जाणारी तीच. त्या दिवशी तिचं पाणी गुडघाभर होतं, चांगलं खळखळत होतं. म्हातारा आवाज ऐकून उठून बसला. सून म्हणाली, “ये भी तो बहता है. यहीं कर देते हैं.” तिला घाई होती, तिचं चूक नव्हतं. मी म्हणालो, “ही नदीची लेक. तुम्ही आईकडे चाललाय.” हे मी अर्धं मराठीत, अर्धं हातवारे करून सांगितलं. म्हाताऱ्याला कळलं. त्याने वालधुनीला हात जोडले आणि पुन्हा आडवा झाला.

त्या वालधुनीचं पाणी मी ओंजळीने प्यायलेलो आहे, हे लिहून ठेवतो. कारण पाच-सहा वर्षांत अंबरनाथला कारखाने वाढत गेले आणि मग ती कधी तांबडी दिसायची, कधी निळी. बैल पाण्याजवळ जाऊन नाक वर करायचे. कारखान्यांनी लोकांना पोटाला दिलं, माझ्या भावाचा संसार त्यावरच उभा राहिला, तेव्हा शिव्या देत नाही. पण बैलाने जे पाणी नाकारलं त्याला मी नदी म्हणू शकलो नाही. आपली उल्हास मोठी, तिने पुष्कळ सोसलं आणि पुष्कळ वर्षं गोडी टिकवली. तिची ऐपतच तशी.

दुपार कलली तेव्हा आम्ही घरी पोचलो. आय ओट्यावर तांदूळ निवडत होती. सून गाडीतून उतरली ती डोक्यावर मडकं घेऊनच. आयच्या हातातलं सूप थांबलं.

“अगं बया! कोन गेलं?”

“कोन नाय गेलं, आय. व्रत हाय त्यांचं, नदीत सोडायचंय ते.”

“व्रताला मडकं? मडकं पान्यात कवा जातं, म्हाईत हाय ना तुला?”

“आपन नवरात्रात घट बसवतो तो काय असतो?”

“घट बसवतो, बुडवत नाय.”

“आनि उठवल्यावर कुटं नेतेस? नदीतच ना?”

  मी तिला सगळी हकीकत सांगितली, समुद्राचं प्रकरण थोडक्यात उरकून. तिने म्हाताऱ्याकडे बघितलं, त्याच्या मनगटाकडे बघितलं आणि सूप खाली ठेवलं. आत जाऊन खण, नारळ आणि ओंजळभर तांदूळ घेऊन आली. “पाव्हणे नदीला आलेत,” म्हणाली. “मी रिकाम्या हाताने कशी जाऊ?” आमच्याकडे बायका श्रावणात नदीची ओटी भरतात. सुनेने आयच्या पदरातले तांदूळ बघितले, आपल्या ताटातले दाखवले, आणि दोघी एकमेकींची भाषा न कळता बोलत पुढे चालू लागल्या.

बा नदीवरच होता. पूर असला की तो दिवसभर उंबराखाली बसायचा, कोणी राखण सांगितल्यासारखा. पाण्याच्या कडेला त्याने एक काटकी रोवली होती. आम्हाला बघून उठला नाही. मी सांगितलं ते त्याने ऐकलं आणि काटकीकडे बोट केलं.

“पानी चढतंय. आज नाय.”

“बा, चाळीस दिसांचा उपास हाय.”

“मंग एकेचाळीस करू दे. माज्या नदीत पाव्हणा बुडालेला मला चालनार नाय.”

मी दुभाष्या. म्हाताऱ्याला सांगितलं, पाणी फार आहे. म्हातारा काठीवर ताठ झाला. “मुझे दर्या सिखाता है? सिंधू ऐसी है कि उस किनारे का ऊंट इधर से बकरी दिखता है!”

ते मी बाला सांगितलं. बा म्हणाला, “त्याला सांग, आमच्याकडे उंट नाय. म्हशी हायेत, आनि म्हशी पलीकडच्या काठाला पन म्हशीच दिसतात. पन त्यातली एक ह्या पान्यात उतरंल का विचार.”

दोघंही हट्टी. दोघंही आपापल्या नदीचे. मी इकडचं तिकडे सांगत होतो आणि दिवस चालला होता. ढगांमागे सूर्य कुठे आहे ते दिसत नव्हतं, पण पलीकडच्या झाडांचा हिरवा काळा व्हायला लागला होता. शेवटी म्हातारा बोलणं सोडून खाली वाकला. माझा हात धरून कडेला बसला आणि त्याने ओंजळ भरून घेतली. मला लाज वाटली. पाणी तांबडं, गढूळ. मी म्हणालो, “बाबा, पावसाळा आहे म्हणून. एरवी असं नसतं.” त्याने मान हलवली. ओंजळ तोंडाला लावली आणि डोळे मिटले.

“मिठो,” तो म्हणाला.

मग हाताला लागलेला गाळ त्याने आम्हाला दाखवला. “मिट्टी लाती है, तो दर्या है. खाली पानी तो नल भी देता है.”

हे मला भाषांतर करावं लागलं नाही. बा उठला. गाळ ही आमची शेती. पूर ओसरला की तो जो थर ठेवून जाई त्यावर आमची वाडी पिकायची, आणि परका माणूस गढूळ पाण्याला नाक मुरडणार अशी बाची खात्री होती. त्याने काटकीकडे पुन्हा बघितलं आणि मला म्हणाला, “दोर आन. आनि दोन भोपळे.”

वाळवलेले भोपळे आमच्या पडवीत नेहमी टांगलेले असत, पोहायला आणि ओंडके ओढायला. ताट पितळी होतं, ते बुडालं असतं. बाने भोपळे करंजाच्या सालीने बांधले, त्यावर केळीच्या खोडाच्या सोपटाची बैठक केली आणि त्यावर ताटातलं सगळं मांडायला लावलं. दोराचं एक टोक उंबराला, दुसरं म्हाताऱ्याच्या कमरेला. मी त्याच्या वरच्या अंगाला पाण्यात, बा खालच्या अंगाला. गुरं पाजायच्या उतारावर एक कातळ पुढे आलेला आहे, त्याच्या आडोशाला पाणी ओढत नाही. तिथे आम्ही कमरेपर्यंत उतरलो. म्हातारा पाऊल बरोबर टाकत होता. पाण्यात पाय कसा ठेवायचा हे त्याला शिकवावं लागलं नाही.

सुनेने मडकं दिलं. ते त्याने आधी सोडलं, ते भरून खाली गेलं. मग बैठकीवरचा दिवा पेटवला. पाऊस थांबला होता. म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी भोपळे पुढे ढकलले.

दिवा चार हात गेला, वळला आणि गोल फिरून त्याच्या छातीशी परत आला.

त्याचा चेहरा मी बघितला. नदीने नको म्हटलं असं त्याला वाटलं. सून काठावरून काहीतरी ओरडली. त्याने पुन्हा ढकलला, पुन्हा तो गोल फिरून आला. ज्योत वाकडी झाली होती. म्हाताऱ्याचे हात खाली पडले, आणि कमरेच्या दोराला त्याचं वजन लागलेलं मला कळलं.

“हात नको लावू म्हनावं,” बा म्हणाला. “भोवरा हाय कातळाचा. दोनदा परत देतो. तिसऱ्यांदा नेतो. म्हनूनच तर ओंडका हितं पकडता येतो.”

मी सांगितलं. दोन बोटं दाखवली, मग तिसरं. म्हाताऱ्याने बाकडे बघितलं. आयुष्य नदीवर काढलेल्या माणसाने दुसऱ्या तशाच माणसाकडे बघावं तसं. आणि हात पाण्याबाहेर काढून धरले.

दिवा तिसऱ्यांदा फिरायला लागला. कातळाच्या नाकाशी जाऊन थांबला, अगदी थांबला, मला वाटलं आता परत. मग पाण्याने त्याला आतून धरल्यासारखं ओढलं आणि तो मधल्या धारेला लागला. काय वेग! एवढीशी ज्योत आणि एवढं थोरलं पाणी. मी त्या नदीत शेकडो वेळा पोहलो, तिचं मोठेपण मला त्या घटकेला दिसलं. कोण कुठला म्हातारा, तिला त्याची ना जात ठाऊक ना भाषा. घेतलं तिने. वळणाआड दिवा गेला की त्याआधीच विझला हे मला सांगता येणार नाही, माझ्या डोळ्यांत पाणी उडालं होतं. बा मात्र शेवटपर्यंत सांगायचा, पेटताच गेला.

मग आयने ओटी सोडली. खण, नारळ, तांदूळ. तिला तिसऱ्या फेऱ्याची वाट बघावी लागली नाही. वरच्या दगडावरून तिने थेट धारेतच टाकलं, ती तिथलीच होती.

म्हाताऱ्याला आम्ही उचलून वर आणला आणि उंबराखाली बसवला. बाने आपली घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली. सुनेने फडकं सोडलं. गोड भात थंड झाला होता, पण त्याचा वेलचीचा वास आला. तिने घास करून त्याच्या तोंडाशी नेला. “खाओ, बाबा. अब तो खाओ.” त्याने तिचा हात बाजूला केला. ती घाबरली, मीही घाबरलो, आता आणखी काय राहिलं? त्याने स्वतःच्या हाताने एक घास उचलला, उठवेना म्हणून बसल्या बसल्याच हात लांब करून पाण्यात टाकला, आणि मग दुसरा घास तोंडात घातला. सावकाश चावला. चाळीस दिवसांनी अन्न दाताखाली आलं होतं. सून पदराने तोंड झाकून रडायला लागली.

आय त्याच्याकडे बघत होती.

“आधी नदीला वाढतो, मंग सोताला,” ती बाला म्हणाली. “तुमी शिका जरा.” आणि भाकऱ्या टाकायला घराकडे वळली.